पेडल मऊ लागतंय

जुन्या गाडीचे ब्रेक स्वतःच दुरुस्त करायचं सरांनी ठरवलं, तेव्हा घरात कुणी नको म्हणालं नाही. सरांना नको म्हणायची त्या घराला सवयच नव्हती.

सर शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. त्यांची बायको दातांची डॉक्टर. गाडी खरं तर तिची. तिच्या वडिलांनी तरुणपणी हौसेने घेतलेली, दोन सीटांची, उघड्या टपाची, पोपटी रंगाची स्पोर्ट्स कार. नजर अधू झाली तेव्हा म्हाताऱ्याने किल्ली मुलीच्या हातात ठेवली, जावयाच्या नाही. सरांना ते लागलं होतं, पण बोलून दाखवतील तर ते सर कसले! ते एवढंच म्हणाले, "गाडी तुझी, तिची दुखणीखुपणी माझी."

पुढच्या चाकांचे ब्रेक अगदी थकले होते. चाकामागच्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जो जबडा असतो, कॅलिपर म्हणतात त्याला, त्याच्यातले पिस्टन गंजून अडकले होते आणि रबरं वाळून कडक झाली होती. सरांनी दोन्ही कॅलिपर काढून पत्र्याच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. घासले, पुसले, पिस्टन आरशासारखे चमकवले, नवी रबरं घातली. शेजारपाजारचे डोकावून जात. "सर, गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय आणता का?" असं कुणी म्हणालं की सर खूश होत.

सगळं परत बसवल्यावर ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायची होती. ते दोघांचं काम. एकाने गाडीत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून कॅलिपरवरचं छोटं निपल सैल करायचं, तेल आणि हवा बाहेर येऊ द्यायची, निपल आवळायचं, मग पेडल सोडायचं. बायको दवाखान्यातून आल्याआल्या तशीच गाडीत बसली.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

बराच वेळ हे चाललं. शेवटी ती म्हणाली, "अहो, पेडल मऊ लागतंय. स्पंजावर पाय ठेवल्यासारखं."

"नवं रबर आहे. बसायला वेळ लागतो."

"पण आधी असं नव्हतं."

"आधी गंजलेलं होतं. तुझाच पाय नीट पडत नाहीये. दाढा उपटतेस ना, त्या जोराने दाब!"

ती हसली नाही. उतरली आणि हात धुवायला आत गेली. मग सर स्वतः सीटवर बसले आणि त्यांनी पेडल दाबलं. मऊ होतं. अगदी ती म्हणाली तसंच. सर स्वतःशीच म्हणाले, जुन्या गाड्या असायच्याच अशा. आणि अवजारं आवरायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन दवाखान्यात निघाली. घरापासून रस्ता उताराचा, खाली वळण, वळणावर बसचा थांबा आणि समोर निवृत्त पोस्टमास्तरांच्या अंगणाची विटांची भिंत. वळणाआधी तिने ब्रेक दाबला, तर पेडल सरळ जमिनीला टेकलं. पुन्हा दाबला, तेच. तिने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. गाडीचा वेग कमी झाला, पण थांबेना. थांब्यावर माणसं उभी होती. तिने स्टिअरिंग भिंतीकडे वळवलं.

भिंतीचा कोपरा ढासळला, गाडीचा मडगार्ड चेपला आणि तिचा ओठ फाटला. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

आवाज ऐकून सर घरातल्या चपलांनिशी धावत आले. तोवर गर्दी जमली होती. पोस्टमास्तर बनियनवरच बाहेर आले होते. माणूस वाईट नव्हता, त्यांनी आधी पाणी आणलं, खुर्ची आणली. मग म्हणाले, "घाबरल्या असतील डॉक्टरीणबाई. ब्रेक समजून क्लच दाबला असणार. बायकांचं होतं तसं."

थांब्यावरच्या माणसांनी माना डोलावल्या. ज्यांना वाचवायला ती भिंतीवर गेली होती, त्यांनीच.

"ब्रेक तर तुम्ही नुकतेच नवे केलेत ना, सर?" कुणीतरी विचारलं.

"हो," सर म्हणाले. "कालच."

"मग झालं तर!"

सगळे सरांकडे बघत होते. सरांच्या तोंडून निघून गेलं, "होतं असं कधीकधी."

तिने ओठावर रुमाल धरला होता. रुमालावरून तिने सरांकडे पाहिलं.  फाटल्या ओठाने बोलायची तिला सोयही नव्हती.

ओठाला टाके पडले. संध्याकाळी वडील आले, काठी टेकत, भिंतीला हात लावत. "अगं, तू कॉलेजात असल्यापासून ही गाडी चालवतेस. झालं काय?"

"बाबा, पेडल खाली गेलं."

म्हाताऱ्याने मान सरांच्या दिशेने वळवली. "ब्रेक बरोबर होते का, जावईबापू?"

"तपासून सांगतो," सर म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं आणि म्हणूनच ते त्यांना जास्त झोंबलं.

 वडिलांनी मुलीपुढे हात पसरला. "किल्ली राहू दे माझ्याकडे. काही दिवस." तिने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि आत निघून गेली.

सुटीच्या दिवशी सरांनी गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं आणि बघताक्षणी त्यांचे कान तापले. कॅलिपरवरचं निपल खालच्या बाजूला होतं. ते वर असायला हवं. टेबलावर शेजारीशेजारी ठेवलेले ते दोन जबडे दिसायला सारखेच, फक्त उजवे-डावे. सरांनी डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. तेल खालून निघत राहिलं आणि हवा वरच्या खोबणीत आरामात बसून राहिली. बुडबुडा वर जातो हे सर दरवर्षी लहान मुलांना पाण्याच्या बाटलीतून दाखवत. सर तिथेच फरशीवर बसले. पोपटी गाडीनेच त्याचा पोपट केला, असं दुसऱ्या कुणाबद्दल म्हणता आलं असतं तर ते हसले असते.

पहिला विचार आला तो चांगला नव्हता. गुपचूप अदलाबदल करावी, कुणाला कळणार आहे? त्यांनी अदलाबदल केलीही. पण हवा काढायला दुसरा माणूस लागतोच. पेडलवर लाकडाचा ओंडका टेकवून पाहिला, तो घसरला. शेजारच्याला हाक मारावी, तर तो विचारणार, सर, आता पुन्हा कशाला? शेवटी त्यांनी आत जाऊन बायकोला बोलावलं.

ती येऊन बसली.

"दाब."

"दाबलं."

निपल सैल करताच त्याला लावलेल्या नळीतून बुडबुड्यांची रांगच्या रांग बाहेर पडली. सर चाकाआड आडवे होते, तिचा चेहरा दिसत नव्हता. म्हणून बोलणं जमलं.

"मी उलटे बसवले होते. डावा उजवीकडे. तू सांगत होतीस... आणि तू आत गेल्यावर मीही दाबून पाहिलं होतं. मलाही मऊ लागलं होतं."

त्यांनी निपल आवळलं.

"सोडू का?" तिने विचारलं.

"हं. सोड."

दुसरं चाकही झालं. पेडल दगडासारखं घट्ट झालं. ती उतरली. टाक्यांमुळे शब्द जपून काढत होती. "कॅलिपर चुकणं मी समजू शकते. माझ्या हातूनही चुका होतात. पण तिथे, सगळ्यांसमोर, तुम्ही 'होतं असं' म्हणालात."

सरांनी हातातला पाना खाली ठेवला.

त्याच दुपारी ते सासऱ्यांकडे गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. शिव्या ऐकायची तयारी होती.  म्हातारा खिशातून किल्ली काढून ती चाचपत म्हणाला, "तुम्ही परके हो. मी तर बाप. ती म्हणाली पेडल खाली गेलं, आणि मी किल्ली मागितली." त्यांनी किल्ली पुन्हा खिशात टाकली. "ही तुम्ही नका नेऊ. मीच येतो द्यायला."

तिथून सर पोस्टमास्तरांकडे गेले. ओट्यावर तिघेचौघे बसले होते. सरांनी त्यांनाही सांगितलं. ब्रेक मी उलटे बसवले, तिने थांब्यावरची माणसं वाचवली, चूक माझी. सगळे ऐकून घेत होते. मग पोस्टमास्तरांनी सरांच्या पाठीवर थाप मारली.

"वा, सर! बायकोचा दोष अंगावर घ्यायला काळीज लागतं."

"अहो, दोष अंगावर घेत नाहीये. दोष माझाच आहे!"

"हो, हो. आम्ही काय समजत नाही का?" आणि बाकीचे कौतुकाने हसले.

सर चिडले, कॅलिपरचं चित्र हवेत काढून दाखवू लागले. जितकं पटवावं तितका त्यांचा मोठेपणा वाढत गेला. शेवटी ते उठले. घरी येऊन बायकोला सांगताना त्यांना मान वर करवेना.

"म्हणजे तुम्ही आता देवमाणूस," ती म्हणाली, "आणि मी आहे तशीच."

"हो."

पुढच्या सुटीला सर विटा आणि सिमेंट घेऊन वळणावर गेले. पोस्टमास्तर नको नको म्हणत होते, गवंडी बोलावतो म्हणत होते. सरांनी ऐकलं नाही. भिंत काही सरळ येईना, थांब्यावरची माणसं बघत राहिली. एका बाईने विचारलं, "डॉक्टरीणबाईंनी पाडली ना ही?"

कॅलिपर, निपल, बुडबुडे, सगळं सरांच्या जिभेवर आलं. पण ते एवढंच म्हणाले, "नाही. मी पाडली."

"अगंबाई, तुम्ही चालवत होतात?"

"मी पाडली," सर पुन्हा म्हणाले.

ती मान हलवत आलेल्या बसमध्ये चढली आणि शेजारणीला काहीतरी सांगू लागली. थोड्या वेळाने गाडी उतारावरून आली. बायको चालवत होती, शेजारी तिचे वडील. वळणाआधी तिने ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली, थांब्यावरचा एक म्हातारा रस्ता ओलांडून गेला. सर थापी हातात धरून उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, हसली नाही, पण मान किंचित हलवली. मग गाडी निघून गेली आणि सरांनी पुढची वीट उचलली.