कपाटाखाली पडलेला फासा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे, पण दुकानात डब्यातून मिळतो तसला नव्हे. कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या टेबलावर माझा जन्म झाला. कुणाच्या तरी कवळीतले दात घडवून थोडा पांढरा मसाला उरला होता. त्यांनी तो चौकोनी कापला, घासून गुळगुळीत केला आणि हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याने माझ्या अंगावर ठिपके भरले. थोडक्यात, मी दात व्हायचा राहिलो. जन्मभर कुणाचं तरी जेवण चावत बसण्यापेक्षा हे बरं, असं मला अजूनही वाटतं.

त्या कारागिरांना दोन मुलगे. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो, म्हणून आज त्यांचे केस पिकले तरी मी एकेरीतच बोलणार. थोरला पुढे वडिलांच्याच धंद्यात शिरला आणि धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. दोघांना वेड मात्र एकच, नेपोलियनच्या काळातल्या लढायांचं. थोरल्याने बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई साच्यात ओतायचे आणि धाकट्याने ते रंगवायचे. पाटीवर हातभर लांब अक्षरं बिनधास्त काढणारा हा माणूस शिपायाच्या कोटाचं बटण रंगवताना श्वास रोखून धरायचा. नेपोलियनची निळी फौज धाकट्याची, तिच्याशी लढणारी तांबडी थोरल्याची. निळ्या फौजेचा सेनापती पांढऱ्या घोड्यावर बसलेला होता. धाकट्याने त्याच्या गालावर एक तीळ काढला होता, कारण स्वतःच्या गालावर तसाच तीळ होता.

त्यांची मोहीम महिनोन्‌महिने चालायची. भिंतीवर नकाशा, नकाशात टाचण्या. निळी आणि तांबडी टाचणी एका गावात समोरासमोर आली की टेबलावर लढाई जुंपायची. हिरव्या चादरीखाली जाडजूड पुस्तकं सरकवली की टेकड्या तयार व्हायच्या. तोफ लागली की चुकली, पलटण टिकली की पळाली, हे ठरवायला मी. टाकण्याआधी दोघंही मला फुंकर मारत. मित्रांनो, फाशाच्या हातात काही नसतं. मुळात फाशाला हातच नसतात. तरी सगळं यश आणि सगळं खापर माझ्याच माथी यायचं.

मग तो दिवस उजाडला. टेकडीवर निळी फौज चढली होती, ती टिकते की कोसळते एवढंच ठरायचं राहिलं होतं. थोरल्याने मला टाकलं. मी घरंगळत टेबलावरून खाली गेलो आणि लोखंडी कपाटाखाली शिरलो. थोरल्याने वाकून पाहिलं आणि ओरडला, "सहा! तुझी टेकडी गेली."

"टेबलाखालचा फासा धरत नाहीत दादा. परत टाक."

"पडला तो पडला. सहा म्हणजे सहा."

"तुला हरायचं माहीतच नाही."

"आणि तू लहानपणापासूनचा रडका!"

एवढ्याशा गोष्टीवरून शब्दाने शब्द वाढला. आईवडिलांपर्यंत, जुन्या वाटण्यांपर्यंत गेला. धाकटा पायात चपला अडकवून निघाला, तो पुन्हा त्या घरात आला नाही. निळी फौज तशीच टेबलावर राहिली. पुढे वर्षानुवर्षं दोन्ही घरांच्या बायका फोनवर बोलत, आणि हे दोघं आपापल्या घरात कान देऊन ऐकत.

थोरला मग एकटाच खेळू लागला. तांबडी फौज तो चालवायचा आणि निळी मी. त्यासाठी त्याने नियम बांधला होता. एक ते चार पडले तर निळ्यांची चढाई, पाच पडले तर मुक्काम, सहा पडले तरच माघार. इतकी चढाई कशाला, असं तुम्ही विचाराल. धाकट्याचा स्वभावच तसा, पुढचा-मागचा विचार न करता घुसणारा. थोरल्याने भावाशी अबोला धरला होता आणि भावाला माझ्या सहा बाजूंवर आणून बसवलं होतं. मला त्याची फार कीव यायची.

एक गोष्ट मात्र सांगतो. तो कधीही लबाडी करत नसे. एकट्याच्या खेळात अडवणारं कोणी नसतं, म्हणून तो जास्तच कडक वागायचा. पडला तो पडला, मग स्वतःची अख्खी पलटण गारद झाली तरी.

एका सकाळी त्याची बायको पर्स घेऊन दारात उभी राहिली. "अहो, आज भावजींचं हृदयाचं ऑपरेशन आहे. दुपारी आत नेणार आहेत. चला ना."

"मला कुणी बोलावलंय?"

"आजारी माणसाने आमंत्रणपत्रिका छापायच्या का?" असं म्हणून ती एकटीच निघून गेली.

थोरल्याचं कामात लक्ष लागेना. एका कवळीचा वरचा जबडा त्याने खालच्या साच्यात बसवला. मग चिडून सगळं बाजूला सारलं आणि अर्धवट राहिलेली लढाई पुढे चालवायला बसला. फोन त्याने टेबलाच्या कडेला ठेवला होता. दर थोड्या वेळाने तो फोनकडे बघायचा, मग माझ्याकडे.

पहिल्यांदा टाकलं, मी चारावर थांबलो. चढाई. निळा सेनापती आपल्या पलटणीच्या पुढे, थेट तांबड्या तोफांसमोर आला. थोरल्याने सवयीने तोफा डागल्या. गोळे वर्मी लागले आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. सेनापतीच्या पलटणीला तोफ लागली की त्याच्या नावाने फासा टाकायचा, आणि एक पडला तर सेनापती मेला, हा नियम होता. त्यानेच केलेला.

तो पांढऱ्या घोड्याकडे बघत राहिला. गालावरचा तीळ भिंगाशिवाय दिसत नाही, पण तो कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शकुन-अपशकुनाला हसणारा माणूस तो. पण त्याच्या मुठीत मला घाम लागला. फोन वाजत नव्हता. मला टाकायचं टाळलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण त्याचा स्वभाव आडवा आला. त्याने डोळे मिटले आणि मला टाकलं.

जोर जास्त लागला. मी टेकडीवर आपटलो, कडेवरून खाली पडलो आणि थेट त्याच लोखंडी कपाटाखाली जाऊन थांबलो. मित्रांनो, माझ्या पाठीवर, वर तोंड करून, एकच गुलाबी ठिपका होता. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला पाय असते तर!

थोरला खाली बसला. एक गुडघा टेकला. मान वाकवली तर मी दिसणार होतो. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो तसाच थांबला, कितीतरी वेळ. मग न वाकता उठला आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाला, "टेबलाखालचा फासा धरत नाहीत."

पुढे फक्त दाराचा आवाज आला. तो घरातल्याच चपला घालून धावला होता.

मी तिथेच पडून राहिलो. धूळ बसली, एक कोळी येऊन राहिला. झाडू कपाटापर्यंत यायचा आणि परत फिरायचा. बाहेर काय झालं ते मला कळत नव्हतं. एवढे दिवस मी एकच गोष्ट उराशी धरून होतो, तो ठिपका.

मग एके दिवशी खोलीत तीन माणसांची पावलं आली. त्यातली एक जोडी फार हळू चालत होती.

"बसा भावजी, सावकाश," वहिनी म्हणाली. "आत नेत होते तेव्हा हे धापा टाकत आले. मला वाटलं, धीर द्यायला आले. तर आल्या आल्या काय म्हणाले, टेबलाखालचा फासा धरत नाहीत! नर्सला वाटलं, पेशंट हेच."

"मी विचारलं, इतकी वर्षं लागली का दादा कळायला," धाकटा म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण त्याचाच होता. "फासा कुठंय?"

"असेल तिथेच. मी बघितलाच नाही."

"मग काढ की."

थोरला जमिनीवर पालथा झाला, पट्टी आत घातली आणि घट्ट डोळे मिटून मला बाहेर ओढू लागला. धाकटा हसायला लागला. "दादा, हसवू नकोस, टाके ओढतात!"

ओढताना मी उलटापालटा झालो आणि तो ठिपका वरून हटून खाली धुळीत गेला. मी कशावर पडलो होतो हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, तुम्हालाच सांगतोय. धाकट्याने मला शर्टाला पुसलं, फुंकर मारली आणि टाकलं. दोन पडले. पांढरा घोडा जागचा हलला नाही. दोघांनी एकदमच सुस्कारा सोडला आणि एकमेकांकडे बघणं टाळलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटाखाली काहीतरी गेलेलं असेल, एखादा फासा, एखादं भांडण. ते काढा, पुसा आणि परत टाका. आम्हाला हात नाहीत, तुम्हाला आहेत.