टेबलाखाली राहिलेली शेंबी

मी एक काठी बोलतेय. बोलतेय खरी, पण आधीच सांगून टाकते: जे सांगणार आहे ते तसंच घडलं होतं, अशी शपथ मी घेणार नाही. माझं आयुष्य शिकलेल्या माणसांच्या हातात गेलं, त्यामुळे प्रत्येक वाक्याला 'बहुधा' लावायची सवय जडली आहे. त्यातून माझी नजर जमिनीलगतची. माणसांना चेहरे आठवतात, मला चपला. एवढं ध्यानात ठेवून ऐका.

मी जन्मले याच गावात. जुना तट, जुनी वेस आणि नदीवरचा दगडी पूल असलेल्या या गावात एक सुतार होता. त्याने वाफ देऊन माझी मान वाकवली, तेल पाजून मला काळीभोर केलं आणि खालच्या टोकाला पितळी शेंबी बसवली. शेंबी म्हणजे काठीच्या पायातला बूटच. दगडी रस्त्यावर ती अशी खणखणायची, की माणसाच्या आधी त्याचा रुबाब कोपऱ्यावरून वळायचा. त्या आवाजावर भाळूनच हेडमास्तरांनी मला घेतलं. पाय त्यांचे ठणठणीत होते. मी हवी होते ती दरारा बसवायला.

हेडमास्तरांना एकच मुलगी. घरात तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. ताईने कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एका तरुणाशी लग्न करायचं ठरवलं आणि घरी सांगून टाकलं. हेडमास्तर म्हणाले, घरी नको, आधी बाहेर कुठेतरी बघतो त्याला. म्हणून आम्ही गावातल्या एका कॉफीच्या दुकानात गेलो. कोणत्या, हाच पुढचा सगळा घोळ.

टेबलाखालून मला दिसलं ते असं. तरुणाचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. ताईने चपलेतून पाय काढून त्याच्या बुटावर ठेवला, तेव्हा कुठे तो थांबला. वर हेडमास्तरांची उलटतपासणी चालली होती. प्रत्येक प्रश्नाला मला जमिनीवर आपटायची त्यांची सवय. एका प्रश्नाला जरा जास्तच जोर लागला आणि माझं टोक दोन फरश्यांमधल्या फटीत रुतलं. त्यांनी ओढलं. मी वर आले, शेंबी खालीच राहिली.

हेडमास्तर कानापर्यंत लाल झाले. तेवढ्यात तो तरुण, चांगल्या इस्त्रीच्या कपड्यांतला, सरळ टेबलाखाली शिरला. चमचा, किल्ली, नख, सगळं वापरून झालं. शेवटी केसांत जळमटं घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "आत आहे, दिसतेय, पण निघत नाही. म्हणजे, बहुधा तीच असावी."

हेडमास्तर इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. घरी जाताना ताईला म्हणाले, "एवढा शिकलेला असून रांगायची लाज नाही त्याला. कर लग्न."

मला मग रबराचा बूट मिळाला. त्याने माझा आवाज गेला, आणि खरं सांगायचं तर स्पर्शही गेला. रबरातून सगळ्या जमिनी सारख्याच लागतात.

हेडमास्तर गेल्यावर मी ताईच्या घरी आले. तिथे दाराआड कितीतरी वर्षं उभी होते. जळमटं काढली, खिडकी अडवली, छपरावर गेलेले चेंडू पाडले. ताईची लेक माझ्यावर घोडा घोडा खेळली, मोठी झाली आणि दूरच्या शहरात नोकरीला गेली. तो तरुण आता निवृत्त झालेला. सगळे त्याला सर म्हणायचे. त्यांच्या गुडघ्याने दगा दिला, तेव्हा मला दाराआडून बाहेर यायला मिळालं.

मग ताई स्नानघरात पडली. हाड जुळलं, पण चालणं चार पावलांवर आलं. लेक म्हणाली, आता दोघांनी एकटं राहायचं नाही, महिनाअखेरीला येते न्यायला. सामान बांधणं सुरू झालं. ताईने कशालाच हरकत घेतली नाही. एवढंच म्हणाली, की जायच्या आधी त्या दुकानात एक कॉफी प्यायची आहे.

लेक फोनवर म्हणाली, "आई, कॉफी इथेपण मिळते गं."

"मिळत असेल. तिथे तुझ्या आजोबांची शेंबी नाही."

आता पंचाईत अशी, की ते दुकान कोणतं यावर या दोघांचं लग्नापासून एकमत नव्हतं. सर म्हणायचे, माझ्यासमोर भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ होतं, म्हणजे ते पुलाजवळचं. ताई म्हणायची, मला समोर रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत होते, म्हणजे ते वेशीपाशी पायऱ्या उतरून जायचं, तळघरातलं. इतकी वर्षं हा वाद जेवताना तोंडी लावायला पुरला. आता मात्र एकच फेरी शक्य होती, आणि ताईला चुकीच्या दुकानात नेलं तर, या धास्तीने सरांचा जीव टांगणीला लागला. स्वतःच्या आठवणीवर विसंबायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. इतिहासाच्या माणसाने पुरावा बघावा, म्हणून मग रोज सकाळी मला घेऊन ते गावातली कॉफीची दुकानं धुंडाळायला निघाले.

मला तर पर्वणीच होती. जुना छापखाना होता तिथे आता कॉफी मिळत होती. पोरंपोरी संगणक उघडून बसत आणि एका कपावर सकाळ काढत. औषधाच्या दुकानाच्या जागी दुसरं, तिथे कप कुठे धरायचा हेच सरांना कळेना, कारण त्याला कानच नव्हता. देवडीतल्या दुकानात खुर्च्या इतक्या उंच, की सर चढले पण उतरताना दोघांनी धरलं. सगळीकडे माझी जागा टेबलाखाली. वर माणसं एकमेकांना काय वाटेल ते सांगतात. खाली पाय खरं सांगतात. हसत बोलणाऱ्या एका जोडप्याची पावलं दाराकडे वळलेली होती. एकमेकांवर खेकसणारे दोन म्हातारे मित्र घोटे टेकवून बसले होते.

प्रत्येक ठिकाणी सर आधी भिंत बघायचे, मग रस्ता, मग मला हळूच जमिनीवर आपटायचे. फरश्या सगळ्यांनी केव्हाच झाकून टाकल्या होत्या. कोणी लाकूड, कोणी लिनोलियम, म्हणजे मेणकापडासारखं जाड आच्छादन. सर 'काही कळतंय का?' अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघायचे. मला काय कळणार? रबराचा बूट.

घरी ताई वाट बघत असायची. सर सगळं सविस्तर सांगायचे, शंकांसकट. कॉफीमुळे त्यांची झोप उडाली होती. ताई एकदा म्हणाली, "अहो, झोप गेली, आठवण काही आली नाही. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

शेवटी उरली ती मुळातली दोनच. पुलाजवळचं दुकान दोन भाऊ चालवायचे. थोरला कॉफी करायचा, धाकटा टेबलं सांभाळायचा आणि दोघं एकमेकांशी बोलत नसत. "त्याला सांगा, दूध उतू चाललंय," असं धाकटा सरांना सांगायचा, आणि सर बिचारे वळून थोरल्याला सांगायचे. भिंतीवर घड्याळ नव्हतं, नुसता जाड खिळा होता. तळघरातल्या दुकानात मात्र खिडकीतून पायच पाय दिसत होते. माझी खात्री पटली. ताईचं बरोबर होतं. मलाही त्या दिवसाचे पायच तर आठवत होते. काठीला पायांशिवाय दुसरं काय आठवणार, हा विचार मात्र तेव्हा मला शिवला नाही.

लेक यायच्या आदल्या दिवशी सरांनी निर्णय घेतला. "तुझंच खरं असणार," ते ताईला म्हणाले, "माझं डोकं कधी विश्वासाचं नव्हतंच." रिक्षा करून आम्ही वेशीपाशी गेलो. पायऱ्या अरुंद, उतरत्या. सरांनी एका हातात मला घेतलं, दुसरा हात ताईला दिला. ताई पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहून खाली बघत राहिली. मग म्हणाली, "नको. पुलाजवळच्या दुकानात चला."

मला वाईट वाटलं. पायऱ्या उतरवणार नाहीत, आणि सरांना कमीपणा नको, म्हणून तिने माघार घेतली, असंच मी धरून चालले.

पुलाजवळच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल मिळालं. सर भिंतीकडे तोंड करून बसले, ताई रस्त्याकडे. टेबलाखाली ताईचा पाय चपलेतून बाहेर आला. लिनोलियमवर इकडेतिकडे फिरला, एका जागी थांबला, जरासा दाबला, आणि मग सरांच्या बुटावर जाऊन बसला. जुनी सवय, मी मनात म्हटलं, आंधळेपणाने बूट शोधत होता.

ताई म्हणाली, "अहो, हेच."

"पण तुझे ते पाय?"

"दारावर कापडी छताची दांडी बघा, गंजलेली. ऊन लागू नये म्हणून तेव्हा कापड खाली ओढलं असेल. त्याखालून पायच दिसणार. तुम्ही तिकडे तोंड करून, मी इकडे. झालं."

सर वळून दांडी बघत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "माझ्या समाधानासाठी म्हणतेस ना?"

"तुमच्या समाधानासाठी मी कधी काही बोलले आहे का?"

हे शंभर टक्के खरं होतं, तरी सरांना ते पुरलं नाही. कॉफी दोघांनीही शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. रिक्षात ताईला नीट बसवायच्या गडबडीत मी खुर्चीच्या पाठीलाच लटकत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात सरांचा फोन आला. मागून ताईचा आवाज ऐकू येत होता: राहू दे तिथेच, तिची जागा तीच आहे. धाकट्याने मला घड्याळाच्या त्या खिळ्यावर अडकवलं. तेव्हापासून मी वरून जग बघते. चेहरे बघायला शिकतेय, पण अजून जमत नाही.

ती दोघं परत आली नाहीत. बऱ्याच काळाने लेक आली, एकटीच, आणि त्याच कोपऱ्यात बसली. आधी आई गेली, मग बाबा, असं तिने धाकट्याला सांगितलं, आणि शेंबीचा सगळा वादही. "बाबा शेवटपर्यंत विचारत होते," ती म्हणाली, "'तुझी आई खरं बोलली होती का गं?' मी काय सांगणार?" जाताना तिने धाकट्याला आपला नंबर दिला आणि माझ्यावरून हात फिरवला. तिलाही काही सांगता आलं नाही मला. आलं असतं, तर माझं उत्तर चुकीचंच ठरलं असतं.

आता मी म्हातारी झाले. मुठीजवळ चीर गेली आहे, तेलपाणी कोणी करत नाही, तक्रारही नाही. कधी या गावात आलात आणि या कोपऱ्यात बसलात, तर समोरच्या माणसाला जरा विचारा, तुला तिथून काय दिसतंय. एवढंच मागणं आहे.

गेल्या उन्हाळ्यात दुकानाचं लिनोलियम उखडलं. खाली जुन्या फरश्या निघाल्या. कोपऱ्यातल्या टेबलाच्या जागी फट होती, वरचं लिनोलियम तिथे खचून त्यात खळगा पडला होता. कामगाराने छिन्नी घातली आणि हिरवं पडलेलं काहीतरी थोरल्याच्या हातावर ठेवलं. थोरल्याने ते पुसलं, माझ्याकडे बघितलं, आणि मध्ये गिऱ्हाईक नसताना भावाला म्हणाला, "अरे, ती काठी काढ."

धाकट्याने मला उतरवलं, रबराचा बूट ओढून काढला. शेंबी थोडी सैल बसली, पण तिच्या खिळ्याचं भोक माझ्या भोकावर बरोबर आलं. ती निघाली होती त्या खळग्याच्या मधोमध, जिथे त्या दुपारी ताईचा पाय फिरता फिरता थांबला होता आणि दाबून बघत होता. त्याच दिवशी धाकट्याने लेकीला फोन करून सांगितलं, की तुमची आई खरं बोलली होती.