नावाच्या जागी

पिंपरीत औषधांची कंपनी आली, कामगारांच्या खोल्या उठल्या, आणि एका साहेबांच्या पत्नीला, कुसुमताईंना, बायकांना इंग्रजी शिकवायची हौस आली. दर बुधवारी दुपारी दहाबारा जणी सतरंजीवर बसत. सर्वनामाच्या दिवशी ताई म्हणाल्या, "नावाच्या जागी येतं ते सर्वनाम."

"ह्यात काय शिकायचंय?" अंबुबाई फिसकन हसली. "नवऱ्याचं नाव कोण घेतंय? आमी जल्मभर 'हे'च म्हनतो की!"

सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. यशोदाबाई हसली नाही. "ताई, इंग्रजीत साहेबाला 'ते' आन शिपायाला 'तो', असं न्हाई का?"

"नाही. दोघांना एकच."

"आन नवऱ्याला?"

"त्यालाही तेच."

"लई ब्येस भाषा हाय," यशोदाबाई म्हणाली.

तिला नवऱ्याची किळस आली होती. हिंदुराव बॉयलरवर कामाला. देहूरोडला त्यानं दुसरी बाई ठेवली होती, आणि कंपनीच्या कागदावर बायको म्हणून तिचंच नाव घातलं होतं. दोन बायका दाखवल्या तर नोकरी जाणार. मग यशोदा कोण? तर म्हणे, गावाकडची लांबच्या नात्यातली, भाकऱ्या थापायला ठेवलेली! तिच्या हातची भाकरी चेपायची, हात तिच्याच पदराला पुसायचे आणि बाहेर तिला मोलकरीण म्हणायचं. रीतीप्रमाणं त्याच्या उष्ट्या ताटात जेवायला बसली की ती दोन घासांत ताट सरकवायची.

आता कंपनीनं फर्मान काढलं की खोलीत कामगाराची बायको-मुलंच राहतील, बाकीच्यांनी पहिल्या तारखेला निघावं. यशोदाबाईचे आईबाप कधीच गेले होते. तिला मूल नव्हतं आणि जायला दुसरं घर नव्हतं. शेजाऱ्यांनी अंग काढून घेतलं. कुसुमताईंनी तेवढी लेबर ऑफिसरांची गाठ घालून दिली.

हिंदुराव इस्त्रीची टोपी घालून ऑफिसात आला. "साहेब, ह्या बाईलाच इचारा," तो म्हणाला. "माझी बायकू असंल तर सांगंल की नवऱ्याचं नाव."

आणि मेला हसला. चौदा वर्षांत हिनं त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिनं जे मान म्हणून जपलं, तेच हा तिला घराबाहेर काढायला वापरत होता.

"सांगा बाई," साहेब म्हणाले.

"हे... हेच," तिनं बोट दाखवलं.

"'हे' लिहून चालत नाही. नाव सांगा."

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं आईनं लहानपणापासून बजावलेलं. तिनं हिंदुरावाकडं पाहिलं. तो सावकाश मिशीवरून बोट फिरवत होता.

"हिंदुराव," ती म्हणाली. "हिंदुराव कोंडाजी थोपटे. लिवा."

हिंदुरावाचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं ए! नाव घेतीस? मारतीस का काय मला?"

साहेबांनी टाक खाली ठेवला. "नात्यातली बाई ना ही? मग हिनं नाव घेतलं तर तुम्ही कसे मरता?"

हिंदुरावानं टोपी काढून हातात घेतली.

"कागद दुरुस्त करतो," साहेब यशोदाबाईला म्हणाले. "पण वेळ लागेल. वरून सही यावी लागते."

"लागू द्या की," यशोदाबाई पदर खोचत म्हणाली. "सही यीस्तवर मी रोज हितं यिऊन ह्याचं नाव घेती."