टोपीवाला तो शिवा

पुतळ्याच्या डाव्या भुवईखालची ती चामखीळ — मातीची, तांदळाच्या कणीएवढी, आणि इतकी नेमकी, की बोट लावलं तर गरम लागेल असं सुमतीला वाटलं. ही चामखीळ तिच्या भावाची, शिवाची नव्हती. शिवाच्या चेहऱ्यावर साधा तीळही नव्हता. ही तिने एका उशीच्या अंतरावरून अकरा वर्षं पाहिली होती, पुढे डॉक्टरने ती जाळून टाकली तेव्हा तिला जरा चुकल्यासारखंही झालं होतं, आणि तिचा मालक आत्ता शेजारीच उभा होता — पोट सुटलेला, केस गेलेले, हात जोडलेले.

"अगदी शिवा हाय गो," काशिराम म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. "असं रूप आता गावात नाय कुनाला."

काय बोलावं या माणसाला! पनवेलच्या या गणपतीच्या कारखान्यात, रंग न लागलेल्या चाळीसेक मूर्तींच्या मधोमध, तिचा नवरा स्वतःच्याच तरुणपणीच्या तोंडाला नमस्कार करत होता आणि त्याला पत्ता नव्हता. तिला हसू फुटणार होतं, ते तिने पदरात खोकून जिरवलं. मूर्तिकार निनादने समजूतदारपणे मान खाली घातली. शहिदाची बहीण, भरून येणारच...

आणि चूक कुणाची? माझीच. स्मारक समितीच्या इंद्रजीतने फोटो मागितला. घरातला फ्रेमचा फोटो कारगिलच्या साली एक पेपरवाला घेऊन गेला तो गेलाच, बाकीचे पुरात भिजले, उरला चुलतबहिणीच्या हळदीचा अल्बम. तो तसाच पाठवला आणि चष्मा न लावता वर लिहिलं — टोपीवाला तो शिवा. फौजी टोपी शिवाचीच होती. पण त्या हळदीत, शिवा सुट्टीवर आलेला, यांनीच ती त्याच्या डोक्यावरून उचलली आणि बँडपुढे मिरवली. खरा शिवा बाजूला उभा, तोंडभर हळद, ओळखू येईल तर शपथ.

"आते, तुमी हो म्हना, म्हंजे दुपारी साचा घेतील," इंद्रजीत म्हणाला. "सव्वीस तारखेला अनावरण. पत्रिका वाटल्यात."

हो म्हणायचं. म्हटलं, तर दरवर्षी सव्वीस जुलैला, कपाळावर कुंकू ठसठशीत लावून, मी माझ्या जित्या नवऱ्याच्या पुतळ्याला हार घालायचा. सारं गाव बघणार, आणि हे खाली पहिल्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार. अभद्रपणाला काही सीमा! आणि नाही म्हणायचं, तर — हा शिवा नाही, हे आमचे हे आहेत — एवढं वाक्य बोलल्यावर हे गावात तोंड कुठे दाखवतील? लोक हळदीला, बारशाला, मयताला 'शहीद काशिराम' म्हणून हाक मारतील. आपल्या गावाला एवढं पुरतं.

पण खरी भीती वेगळीच होती. शिवा असा नव्हता, हे ठीक. मग कसा होता? तिने डोळे मिटले. मान आली, मानेवरचं केस कापलेलं पांढुरकं कातडं आलं, कर्नाळ्याच्या चढावर पुढे पळणारे पाय आले... चेहरा येईना. आई गेली, आबा गेले, आता त्याच्या घरातली ती एकटीच उरलेली, आणि तिलाच तो येईना. तिला स्वतःची लाज वाटली.

"काकी, काही बदल?" निनादने विचारलं.

"ही काढा," तिने चामखिळीकडे बोट केलं. निनादने कोरणी फिरवली. काशिरामचा हात नकळत स्वतःच्या भुवईकडे गेला, तिथेच थोडा थांबला, आणि खाली आला. त्याने तिच्याकडे पाहिलं. 

"आणि..." आपण काय सांगणार हे तिला ठाऊक नव्हतं, "त्याचं तोंड जरा उघडं असायचं."

"आते, शहिदाचं तोंड उघडं?" इंद्रजीत हादरला. "पाव्हने येनार हायेत."

"ऐकताना असायचं. कुणी काही सांगायला लागलं की असायचं. आई म्हणायची, मिट, माशी जाईल."

निनादने अंगठ्याने खालचा ओठ ओढला, थोडा, अजून थोडा. हनुवटी सैलावली. टोपीखाली आता ना काशिराम होता ना कुणी वीर. बावीस वर्षांचा एक बावळट पोरगा होता, समोरचा बोलायचा थांबला तरी पुढचं ऐकायला टपलेला.

"हा," काशिराम हळूच म्हणाला. "आता हाय."

"ठेवू की मिटू?" निनादने विचारलं. इंद्रजीत नकाराची मान हलवत होता.  इतकी वर्षं तिने शिवाला वंदन केलं होतं, त्याचा अभिमान बाळगला होता, दर वर्षी भाषणं ऐकताना मान ताठ ठेवली होती. आता त्यातलं काही जवळ नव्हतं. त्याच्या पाठीत एक धपाटा घालून विचारावंसं वाटत होतं, मेल्या, मी जाऊ नको म्हणत होते तेव्हा असाच तोंड उघडं टाकून ऐकत होतास ना... मग ऐकलं का नाहीस?