चौदा पानं

सुमतीबाईंच्या घरात जे भूत वावरत होतं, ते मेलेलं नव्हतं. चांगलं धडधाकट होतं, त्याला बायको होती, मुलगी होती आणि ते एसटीत कंडक्टर होतं. पण भुताचे बाकी सगळे गुण त्याच्या अंगी होते. सकाळी अकरा ते दुपारी दोन ही त्याची वेळ. कोपर स्टेशनजवळच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ते यायचं आणि पानं उलटत बसायचं. भराभर, काहीतरी सापडत नसल्यासारखी. बाई उठून पंखा बंद करायच्या, वर्तमानपत्र घडी घालून गादीखाली सारायच्या. तरी सळसळ थांबायची नाही. आणि तिच्यामागून विचारणा यायची, "मॅडम, कितवं पान?"

भुताचं नाव साईनाथ. सहा वर्षांपूर्वी तो कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होता आणि सुमतीबाई त्याच्या कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

त्या वर्षी जमीन कायद्याचा अकरा ते दोनचा पेपर पुस्तक उघडं ठेवून लिहायचा होता. पोरं आनंदाने नाचली. बाईंनी त्यांना बजावलं होतं, की बाबांनो, पुस्तक आत नेता येतं, वेळ नेता येत नाही. सातशे पानांत शोधत बसलात तर मेलात. त्यावर त्यांचा स्वतःचा उपाय होता. वहीत सूची करायची. विषय आणि पान, विषय आणि पान. प्रश्न वाचला, सूची पाहिली, पान उघडलं, लिहायला लागलं. बाकीची पोरं "हो मॅडम" म्हणून पसार झाली. साईनाथ तेवढा वही घेऊन कोपरला आला.

तो विठ्ठलवाडीच्या चाळीत राहायचा. त्याच्या वडिलांची, दगडूआप्पांची, कुळाची जमीन कागदपत्रांत कुठेतरी गडप झाली होती, म्हणून पोरगा वकील व्हायला निघाला होता. आप्पांचं म्हणणं साधं होतं. एसटीच्या नोकरीचं पत्र हातात आलं आहे. एकदाच बस परीक्षेला, पास झालास तर कायदा, नाहीतर खाकी. साईनाथने ते मान्य केलं होतं.

महिनाभर दर रविवारी तो यायचा. पुस्तक त्याच्याकडे नव्हतं, म्हणून बाई लायब्ररीतून आणलेली प्रत मांडीवर घ्यायच्या. तो विषय म्हणायचा आणि विचारायचा, "मॅडम, कितवं पान?" बाई आकडा सांगायच्या, तो लिहायचा. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने स्वतःचा बेत लिहून ठेवला होता. २०१९ पास. २०२० सनद. २०२२ न्यायाधीशाची परीक्षा. २०२५ पहिला निकाल देणार, आप्पांना कोर्टात पहिल्या बाकावर बसवणार. बाई हसल्या होत्या. "अरे, वडिलांना तारखेचं आमंत्रण आत्ताच देऊन ठेव," असंही म्हणाल्या होत्या.

परीक्षेच्या आठवड्यात त्याने नवं पुस्तक विकत घेतलं आणि दाखवायला आणलं. तेच हिरवं कव्हर, तेच लेखक. बाईंनी त्याच्यावरून हात फिरवला आणि परत दिलं.

तो नापास झाला. सात मार्कांनी.

निकालानंतर तो पेढ्यांचा लहान पुडा घेऊन आला. नापास झालेला पोरगा पेढे आणतो, हे बाईंनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. खाली मान घालून म्हणाला, "सॉरी मॅडम, तुमची मेहनत मी वाया घालवली. पहिले तीन प्रश्न मस्त गेले. पुढे काय झालं कळलंच नाही. पान उघडायचो तर भलतंच असायचं. माझं डोकंच बंद पडलेलं." पुस्तक आणि वही त्याने तिथेच ठेवली. दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल म्हणाला.

तो गेल्यावर बाईंनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडल्या. आवृत्त्या वेगळ्या होत्या. नव्या पुस्तकात सहाव्या प्रकरणानंतर एक दुरुस्ती कायदा घातला होता आणि तिथून पुढे प्रत्येक पान चौदाने सरकलं होतं. पुस्तक हातात घेतलं की आधी आवृत्ती बघावी, हे ज्या बाईने तीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं, तिनेच ती बघितली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. मग ऐकलं की तो खाकी घालून नोकरीवर रुजूही झाला. आता सांगून काय उपयोग, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर त्यांना लाज वाटली. ज्याचं वाटोळं केलं, त्याच्याच हातचा पेढा त्या खाऊन बसल्या होत्या.

तेव्हापासून पानं उलटायला लागली. दर वर्षी पाडव्याला बाई ती वही काढायच्या, शेवटच्या पानावरचा बेत वाचायच्या आणि परत कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायच्या. दोन वर्षांपूर्वी ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत तो त्यांना दिसलाही होता, तिकिटाची बॅग खांद्याला लावून बसच्या दारात उभा. बाई फळवाल्याच्या गाडीआड लपल्या. साठी उलटलेल्या बाईने असं लपावं, याची त्यांची त्यांनाच कीव आली.

यंदा खालच्या मजल्यावरची क्षिप्रा आली. कायद्याचं शेवटचं वर्ष, तोच पेपर, पुस्तक उघडंच. बाईंनी दारातच सांगितलं, "आधी आवृत्ती बघ." क्षिप्रा हसली. पण बाई चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात पोरीने कपाटाची वरची फळी धुंडाळून ती वही आणि हिरवं पुस्तक खाली काढलं.

"आजी, ही सूची कसली भारी आहे!" ती ओरडली. मग पानं उलटण्याचा आवाज आला, खराखुरा. "पण गंडलीये. सहाव्या चॅप्टरपर्यंत बरोबर, पुढे सगळं चौदा पानांनी मागे."

बाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. सहा वर्षांत हा आकडा दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्यांनी ऐकला नव्हता.

"ज्याने ही हॉलमध्ये नेली असेल ना, त्याची वाट लागली असेल," क्षिप्रा म्हणाली. "ओपन बुकला नापास म्हणजे लोक जगू देत नाहीत. बघून लिहायचं होतं तरी जमलं नाही, असं ऐकवतात."

"सात मार्कांनी गेला तो. पानं मी सांगितली होती."

क्षिप्राने वही मिटली. मग हळूच म्हणाली, "त्याला माहितीये?"

बाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे तो अजून स्वतःलाच ढ समजत असेल?"

पोरगी सहज बोलली, पण ते बाईंच्या वर्मी लागलं. वर्ष बुडालं, सनद बुडाली, न्यायाधीशाची परीक्षा बुडाली, असे सगळे हिशेब त्यांनी करून झाले होते. हा एक राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक आणि वही पिशवीत घालून त्या ठाण्याला गेल्या.

खोपटच्या डेपोत साईनाथ बाकावर बसून डबा खात होता. बाईंना पाहताच त्याने हात पुसले आणि वाकून नमस्कार केला. तो नमस्कार त्यांना सोसवेना.

"साईनाथ, आधी ऐकून घे," त्या म्हणाल्या, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दोन आवृत्त्या, चौदा पानं, तो पेढ्यांचा दिवस. "तुझं डोकं बंद पडलं नव्हतं रे. चूक माझी होती, आणि ती मला त्याच दिवशी कळली होती. मी गप्प बसले."

तो डब्याचं झाकण लावत होता. ते लागेना. तीनदा लावलं, तीनदा निसटलं.

"मी घरात पुस्तक उघडत नाही, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "मुलगी अभ्यास घेऊन आली की बायकोकडे पाठवतो. म्हटलं, समोर उघडं ठेवून ज्याला सापडलं नाही, तो काय शिकवणार?"

"मला माफ कर, असं म्हणायची माझी..."

"आप्पा गेले," तो मध्येच बोलला. "मागच्या चैत्रात. चाळीत सगळ्यांना सांगायचे, आमच्या पोराला बगून लिवायचं व्हतं, तरी नापास. हसून सांगायचे. पण सांगायचे." त्याने वर पाहिलं. "आप्पा असेपर्यंत यायचं होतं ना मॅडम."

पिशवीतल्या वहीतली शेवटची ओळ त्यांना पाठ होती. पहिल्या बाकावर बसवायला आता माणूसच उरला नव्हता.

मग हात पुढे करून त्याने पुस्तक मागितलं. मांडीवर ठेवलं. कव्हरवरून बोट फिरवलं, पण उघडलं नाही.

"चौथा प्रश्न कुळाच्या हक्काचा होता," तो म्हणाला. "आमच्याच जमिनीसारखा. त्याचं उत्तर मला तोंडपाठ होतं, पण पान भलतंच निघालं, आणि मला वाटलं मला पाठ आहे तेच चुकीचं आहे. तिथून सगळं गेलं." त्याचा आवाज अगदी खाली आला. "मॅडम, कितवं पान?"

"तीनशे बारा लिहून दिलं होतं," सुमतीबाई म्हणाल्या. "होतं तीनशे सव्वीस."

त्याने पुस्तक उघडलं. पानं उलटली, सावकाश, एकेक. तीनशे सव्वीसवर बोट ठेवून त्याने वाचलं, ओठ हलवत, शाळेतल्या मुलासारखं.

"होतं की इथं," तो म्हणाला.

गाडीचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. "अरे साईनाथ, चल रे, टाइम झाला!" साईनाथने पुस्तक तिकिटाच्या बॅगेत कोंबलं. बाईंनी वही पुढे केली, तेव्हा मात्र त्याने मान हलवली.

"ही नको," तो म्हणाला. "ही तुमच्याकडेच राहू द्या."