आखूड रायझर

आखूड धनुष्य म्हणजे हलकं धनुष्य, असं पद्मजाबाई धरूनच चालल्या होत्या. आखूड झाडू, आखूड कुदळ, सगळं हाताला हलकंच लागतं की! म्हणून त्यांच्या तिरंदाजीच्या वर्गातल्या उंच पण काटकुळ्या तेजस्वीसाठी त्यांनी मायेनं आखूड रायझर निवडला. रायझर म्हणजे धनुष्याची मधली मूठ. तिच्या वरखाली दोन पाती बसवायची, ते लिम्ब. लिम्बांवर तीस छापलेलं, म्हणजे तीस पौंडांचा ताण. शाळेतल्या बाकीच्या मुली तीसच ओढायच्या, पण लांब रायझरवर.

दोरी हनुवटीला लागायच्या आतच तेजस्वीचा हात लटलटायचा.

"बाई, ह्ये लई जड हाय."

"तीस ते तीस. सगळ्यांना तेवढंच," बाई म्हणाल्या. इथंच थांबल्या असत्या तर बरं होतं. पण मुली बघत होत्या, आणि मुली बघत असल्या की बाईंच्या जिभेला चाकं फुटायची. "घरी दोन-दोन म्हशींच्या धारा काढतेस म्हणे. मग इथंच कशी गं ताकद पळते? नाटकं नकोत."

मुली खिदळल्या. तेजस्वीनं धनुष्य स्टँडवर ठेवलं ते ठेवलंच. जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर आलेली, आणि तिच्यासारखा नेम दुसऱ्या कुणाचा नव्हता. पोरगी मैदानाकडं फिरकेना.

बाईंनी दोरी बदलायला ते धनुष्य घरी आणलं. नवऱ्याला, गोपाळरावांना, प्रत्येक वस्तू तोलून बघायची हौस. त्यांनी बॅगा तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवला आणि बाईंनी दाखवल्याप्रमाणे तेजस्वीच्या बाणाच्या लांबीइतकी ती ओढली.

"सोळा किलो."

"नीट बघा हो."

"नीटच बघतोय. पस्तीस पौंड झाले की गं!"

बाईंनी वाकून आकडा स्वतः वाचला. छापलेला आकडा लांब रायझरसाठी असतो, हे कधीतरी शिबिरात कानावरून गेलं होतं. मूठ आखूड झाली की तेवढ्याच ओढीला पाती जास्त वाकतात, ताण वाढतो. त्यात पोरीचे हात लांब, म्हणजे ओढही जास्त. मायेनं निवडलेलं धनुष्य वर्गात सगळ्यांत जड निघालं होतं.

उचगावच्या वाटेवर तेजस्वीचं घर. बाई तिकडं गेल्या. तिची आई, अंबुबाई, शेणाचे हात धूत बाहेर आली.

"बसा बाई, च्या टाकते. पोरगी ऐकंना झालीया बगा. म्या बी लई बोलले तिला. बाई एवढं शिकिवत्यात आन् तू आळस करतीस म्हनून."

घरातही पोरीनं बोलणी खाल्ली होती. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. तेजस्वी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"तेजस्वी, धनुष्यच चुकीचं होतं गं. लांब रायझर लावते. उद्या ये."

"धनुष्य न्हाय बाई. तुमी चुकलासा."

"आगं ए!" अंबुबाई ओरडली. "बाईंना असं बोलत्यात व्हय?"

"बोलू दे," बाई म्हणाल्या. कान मात्र तापले. "मी चुकले. बस?"

"हितं नगं. जितं पोरी हसल्या, तितं सांगा."

बाईंनी मनात चार वाक्यं जुळवून बघितली. 'तांत्रिक अडचण होती' हे त्यांतलं सर्वांत सोयीचं. रात्रभर तेच घोळवलं.

सकाळी मैदानावर तेजस्वी आली, पण भिंतीपाशीच थांबली, पाठीवर दप्तर तसंच. बाईंनी मुलींना गोळा केलं.

"तेजस्वी खरं सांगत होती. धनुष्य जड होतं. मी न बघता तिला नाटकी म्हटलं. चूक माझी."

मागून पूर्णिमा म्हणाली, "पर बाई, तीस लिवलंय की त्याच्यावर!"

एरवी बाईंनी नुसतं बघितलं असतं, आणि पूर्णिमा गप्प झाली असती. आज त्यांनी काटा काढून आखूड धनुष्याला लावला. "तुम्हीच बघा. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो. ह्याला सोळा लागतात."

भिंतीपासून दप्तर हललं. तेजस्वी आली आणि काट्यापाशी वाकली.

"ओढा, बाई."

बाईंनी ओढलं. तेरापाशीच दंड थरथरू लागला, पदर घसरला. मुली फसकन हसल्या. बाईंनी वर बघितलं नाही.

"अजून, बाई," तेजस्वी आकड्यावर नजर ठेवून म्हणाली. "अजून न्हाय आलं."