बेसिनजवळचं टेबल

मी बेसिनजवळचं टेबल बोलतोय. अनगोळच्या रस्त्यावर ‘पूर्णिमा भोजनालय’ आहे. तिथं आत शिरलात की डाव्या हाताला भिंतीला नाक लावून उभा आहे तो मीच. तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझ्याकडे बसला नसाल. आपण होऊन कुणीच बसत नाही. माणूस एकटा आला की मालक कुमार गल्ल्यावरूनच बोट दाखवतो, “सिंगल हाय न्हवं? तिकडं बसा.” ते ‘तिकडं’ म्हणजे मी.

माझा जन्म काही हौसेचा नाही. वडगावच्या परशराम सुताराने इथली सगळी टेबलं केली, चौघांची, सहाजणांची, चांगली ऐसपैस. ती बसवून झाल्यावर बेसिनजवळ थोडी जागा उरली आणि प्लायवूडचे तुकडेही उरले. “मोकळी कशाला सोडतासा?” म्हणत त्याने त्या तुकड्यांवर सनमायका चिकटवला आणि मला उभं केलं. घाईत एक पाय आखूड झाला. त्याच्याखाली खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे. ती ओली झाली की मी डुगडुगतो, आणि इथं ती नेहमीच ओली असते.

माझ्या जागेवरून दार मात्र समोर दिसतं. तेवढीच माझी करमणूक. शहरात जेवायला निघालेल्या माणसांची किती तारांबळ उडते ते मी बघत असतो. आधी दारात उभं राहून फोन काढायचा आणि कधी न पाहिलेल्या माणसांनी या हॉटेलला किती स्टार दिलेत ते बघायचं. मग आत डोकावून दुसऱ्यांची ताटं बघायची. घरच्या मंडळींत कुणाला तांबडा रस्सा हवा असतो, कुणाला गोबी मंचुरी, आजोबांना नुसतं ताक. मग पायरीवरच वाद. शेवटी जिथं जास्त गर्दी दिसते तिथं सगळे शिरतात. एकटा आलेला माणूस मात्र कुणाशी वाद घालणार? तो थोडा वेळ घुटमळतो आणि कुमारचं बोट दिसलं की मुकाट माझ्याकडे येतो. तांब्याला फोन टेकवतो, त्यात बघत जेवतो आणि निघून जातो. त्या सगळ्यांच्या हनुवट्या मला ओळखू येतात, चेहरे नाहीत.

मष्णू आप्पा तसे नव्हते. भाताची सुगी संपल्यावर एका दुपारी ते पहिल्यांदा आले. डोक्याला पांढरी टोपी, धोतर, पायांत कोऱ्या चपला. गुंजीजवळच्या एका खेड्यातले. बायको वारली, म्हणून मुलगा विक्रम त्यांना इकडे घेऊन आला. विक्रम कारखान्यात, सून माधवी शाळेत, दोघंही सकाळीच बाहेर पडतात. हे सगळं आप्पांनी शामू वाढप्याला सांगितलं. शामू पलीकडच्या टेबलाकडे बघत ‘व्हय व्हय’ करत होता. नीट ऐकलं ते मी.

“पोरगं म्हनतंय, आप्पा, एवढं मोठं शहर हाय, दुपारचं कुटंबी जावा, रोज नवं हॉटेल बगा,” आप्पा म्हणाले. “आता ह्या वयात मी काय नवं बगू?”

राईस प्लेट आली. आप्पांनी हात लावला नाही. बेसिनवर एक साहेब हात धुवत होते, त्यांच्याकडे वळून आप्पा मोठ्यांदा म्हणाले, “या जेवायला!”

साहेब दचकले. “नको, नको, माझं झालंय,” म्हणत हात तसेच ओले घेऊन निघून गेले.

तुम्ही गावाकडचे असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. ताट पुढ्यात आलं आणि दारात कुणी दिसलं, की “या जेवायला” म्हणायचंच. समोरच्याने “जेवा, जेवा” म्हणायचं आणि आपल्या वाटेने जायचं. खरंच कुणी येऊन ताटावर बसत नाही. पण ते ‘जेवा’ कानावर आल्याशिवाय पहिला घास उचलायचा नाही, ही आप्पांची जन्माची सवय. आणि इथं त्या सवयीने मोठा घोटाळा केला.

बेसिनवर येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा बोलवायचे. कुणी ताटात डोकावून विचारी, “का हो, भाजी बरी नाही का?” एका मुलीला वाटलं, म्हातारबाबांकडे पैसे नाहीत. तिने कुमारला जाऊन हळूच तसं सांगितलं. एकदा गर्दीत ओमकार नावाचा बँकेतला मुलगा समोर बसला होता. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर नाव होतं म्हणून मला ठाऊक. तो म्हणाला, “काका, मी माझं वेगळं सांगितलंय,” आणि त्याने कानांत फोनची बोंडं घातली. आप्पा उत्तराची वाट बघत राहिले. भात गार झाला.

मग एके दिवशी कुमार त्यांच्याजवळ आला. वाईट माणूस नाही तो. आवाज खाली करून म्हणाला, “आप्पा, एक सांगू? गिऱ्हाइकांस्नी असं बोलवू नगासा. माणसं बुजत्यात.”

“मग काय म्हनायचं रं?”

“काय बी म्हनायचं न्हाय. जेवायचं.”

“गपचीप? चोरी केल्यागत?”

कुमार हसला आणि गल्ल्याकडे गेला. आप्पांना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. माझा जीव लागेना. टेबलाला कसला आलाय जीव, असं तुम्ही म्हणाल; म्हणा. पण आजवर माझ्याकडे बसून कुणी मान वर केली नव्हती.

बऱ्याच दिवसांनी ते परत आले आणि शामूला हकिकत सांगू लागले. एका हॉटेलात उभ्याने खायला लावलं. एका ठिकाणी दिवसाढवळ्या एवढा अंधार, की ताटातलं लोणचं कुठलं आणि चटणी कुठली कळेना. एका ठिकाणी नंबराचं कूपन दिलं. नाव पुकारतील म्हणून आप्पा बसून राहिले, आणि त्यांचा नंबर कधीच येऊन गेला होता.

“चव समदीकडं बरी हाय रं,” ते म्हणाले, “पन कोन इचारत न्हाय.”

सगळं शहर हिंडून शेवटी त्यांनी मला निवडलं, म्हणून मी मनातल्या मनात फुगलो. माझं फुगणं फार टिकलं नाही. आप्पांनी बोलवणं आता सोडलं होतं. बेसिनवर कुणी आलं की मान वर व्हायची, ओठ हलायचे आणि शब्द तिथंच गिळला जायचा. त्यानंतर घास काही गिळवायचा नाही. अर्धा भात ताटातच राहायचा. कोऱ्या चपला जुन्या झाल्या आणि सदरा खांद्यावर ढिला दिसू लागला. एका रविवारी विक्रम त्यांच्याबरोबर आला होता. काळजीने म्हणाला, “आप्पा, वाळत चाललाय तुमी. डाक्टर म्हनतोय, आजार कायच न्हाय. गावाकडं न्हेऊन सोडू? पन तिथं तरी कोन हाय?” मी माझ्या परीने डुगडुगलो, तर ग्लास कलंडून आप्पांचं धोतर भिजलं. याहून जास्त सोबत मला जमत नाही.

आमच्या समोरच एक इमारत उभी राहत होती. तिथल्या गवंडीकामावरच्या बायका आमच्याकडे प्यायचं पाणी न्यायला यायच्या. त्यांतली मनुबाई, चिकोडीकडची, एका दुपारी बाटली भरत बेसिनशेजारी उभी होती. आप्पांपुढे नुकतंच ताट आलं होतं. बोलायचं नाही हे ते त्या दिवशी विसरले.

“या जेवायला!”

मनुबाईने बाटलीवरची नजरही काढली नाही. “जेवा आप्पा, जेवा,” ती सहज म्हणाली. मग झाकण लावता लावता, “आमची बी पंगत बसल आता. तुमीच या की तिकडं.”

आप्पांचा हात ताटावरच थांबला. हेही तसंच म्हणायचं असतं, जायचं नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? गावात कुणी असा उठून गेला असता तर वर्षभर त्याची चेष्टा झाली असती.

“यिऊ?” आप्पांनी विचारलं.

मनुबाई क्षणभर गोंधळली. त्यांच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, “या की वो. त्यात काय इचारायचं?”

आप्पा उठले. दोन्ही हातांत ताट धरलं, आमटी सांडू नये म्हणून हळूहळू चालत दाराबाहेर पडले. कुमार मागून ओरडला, “आप्पा, ताट कुटं न्हेतासा?” ते वळले नाहीत. हातात ताट आहे हे बघून रस्त्यावरची रिक्षा थांबली. पलीकडे सिमेंटच्या गोणींवर फडकी पसरून माणसं बसली होती. ती जराजरा सरकली. आप्पा त्यांच्यात बसले. कुणीतरी त्यांच्या भातावर अर्धी भाकरी ठेवली, कुणीतरी शेंगदाण्याची चटणी. शामू दारात उभा राहून बघत होता. “शेवटचं शीतसुद्दा खाल्लं गा,” तो कुमारला म्हणाला.

ताट संध्याकाळी घासूनपुसून परत आलं. आप्पा परत आले नाहीत. शामू सांगतो, आता ते स्वतः भात शिजवतात आणि डबा घेऊन थेट तिकडेच जातात. सुरुवातीला दारातून मला त्यांची टोपी दिसायची. मला आनंद झाला, हे खरं. आणि फार वाईट वाटलं, हेही खरंच. एवढ्या टेबलांत मला निवडणारा एकच माणूस होता, आणि तो जमिनीवर जाऊन बसला.

आता त्या इमारतीच्या भिंती चढल्यात. पंगत आत कुठेतरी बसते, मला टोपी दिसत नाही. माझा सनमायका कोपऱ्यात सुटलाय. कुमार मला काढून तिथं पार्सलच्या पिशव्या ठेवायचं फळकूट करणार आहे. शामू परवा म्हणत होता, प्लास्टर झालं की मनुबाईची टोळी धारवाडकडच्या कामाला जाणार. मग आप्पा पुन्हा एकटे पडतील, पुन्हा रस्त्यावर उभे राहून कुठं जेवावं ते शोधतील, आणि मी असलोच तर कदाचित माझ्याकडे येतील.

ते यावेत, असं मला रोज वाटतं. पण माझ्याकडे माणूस कधी येतो, ते मला ठाऊक आहे. म्हणून आप्पा, तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. ती मंडळी धारवाडला गेली, तर दुसरी कुठली पंगत शोधा, कुणाच्याही गोणीवर जाऊन बसा. इकडे येऊ नका.